ण बाणाचा, मग कांजी कशाची?

परवा रात्री जपानी शिकणाऱ्या भाचीचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर वाजतोय आणि ही घाईघाईत बोलतीये, "मावशी, एकच सांग, कांजी आधी वेगळी पाठ करून टाकू का शब्दांबरोबरच करत जाऊ? क्लासमधे अर्धे असं म्हणतात, अर्धे तसं म्हणतात, आणि डिसेंबरला माझी एन-फोर आहे." (एन-फोर ही जपानी भाषेची परीक्षा, आणि कांजी म्हणजे जपानी लिहिण्यातली चिनीवरून आलेली चिन्हं.) मी लगेच दोन ओळी टाइप केल्या, शब्दांबरोबर कर, टेन्शन घेऊ नको, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकल्या. उत्तर बरोबरच होतं पण अर्धं होतं, आणि अशाच एका अर्ध्या उत्तरापायी माझी जवळजवळ दोन वर्षं गेली आहेत, तिची जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

आधी हिरागाना-काताकाना, म्हणजे जपानीतल्या आवाजाच्या दोन अक्षरमाला, बाजूला काढते. ती वेगळीच शिकायची, त्यात वादच नाही. मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, आणि दोन-तीन अपवाद सोडले तर एका अक्षराचा आवाज एकच. दोन-तीन आठवडे रोज बसलं की हात बसतो. शिवाय आपल्याला तो तक्ता परका वाटतच नाही. पुण्यात क्लासच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं, आ ई ऊ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, आणि मी बघतच राहिले. आपलीच वर्णमाला! 'का'नंतर 'सा' येतो तो च-वर्गाच्या जागेवर, मग ता ना, मग 'हा' येतो तो प-वर्गाच्या जागेवर कारण जुन्या जपानीत तो उच्चार 'प'च्या जवळचा होता, आणि मग मा या रा वा, अगदी आपल्याच क्रमाने. संस्कृत मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून बौद्ध भिक्षू सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकायचे, कूकाईसारखे भिक्षू त्यासाठी चीनला गेले (तो ८०४ मधे गेला आणि ८०६ मधे परतला), आणि त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. आजही जपानी देवळामागच्या दफनभूमीत उंच लाकडी फळ्या उभ्या असतात ना, त्यांच्यावर वरच्या टोकाला सिद्धम् अक्षरं लिहिलेली असतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिथेच थांबून एक एक अक्षर लावायला लागले होते.

पण कांजी म्हणजे हा तक्ता नव्हे. आणि इथेच आपण मराठी माणसं फसतो, कारण आपल्या मनात अक्षर म्हणजे आवाज हे पक्कं बसलेलं असतं. क म्हणजे क, कुठेही लिहा. कांजी तशी वागत नाही. ती कशी वागते हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं ते आपल्याच अंकांवरून. '२' हा आकडा घ्या. एकटा असला की 'दोन'. '२रा' लिहिलं की आपण 'दुसरा' वाचतो. '२५' लिहिलं की तोच आकडा 'पंचवीस'मधल्या वीसमधे जाऊन बसतो. कुणी आपल्याला '२'चे सगळे उच्चार तक्ता करून पाठ करायला लावले होते का? नाही. दोन, दुसरा, पंचवीस हे शब्द तोंडात आधीपासून होते, आकडा नंतर येऊन त्यांच्यावर चिकटला. कांजी म्हणजे असे दोन हजारांवर आकडे. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत १९४६ मधे १८५० होत्या, १९८१ मधे १९४५ झाल्या आणि २०१० पासून २१३६ आहेत.

आणि पुष्कळ जणींना आवाज किमान दोन, एक चिनीवरून आलेला, एक घरचा जपानी. ह्याला ओन्योमी-कुन्योमी म्हणतात आणि क्लासमधे ह्याच नावाने लोक घाबरतात, पण आपल्याकडे अगदी हेच चालतं. तहान लागली की आपण 'पाणी' मागतो, 'जल' मागत नाही. पण जलतरण, जलसंपदा, जलाशय म्हणताना 'पाणी' चालत नाही. आता समजा 'पाणी' आणि 'जल' दोन्हीसाठी एकच चिन्ह असतं. एकटं असलं की पाणी वाचा, जोडून आलं की जल वाचा. जपानीत हे खरंच आहे, ते चिन्ह एकटं असलं की 'मिझु', आणि बुधवारच्या 'सुइयोबी'मधे, नळाच्या पाण्याच्या 'सुइदो'मधे 'सुइ'. कुठे काय वाचायचं हे चिन्ह सांगत नाही, शब्द सांगतो.

हे सगळं आज मी शहाण्यासारखं लिहितेय, पण केलं होतं नेमकं उलटं.

पुण्यात असताना एका मैत्रिणीने मला हायसिग पद्धत दाखवली. १९७७ पासूनची आहे ती, जगभर लोक वापरतात. त्यात कांजीचा उच्चार शिकायचाच नाही, एक अर्थ ठरवायचा, आकाराचे तुकडे करायचे, तुकड्यांना नावं द्यायची आणि त्यांची एक गोष्ट रचायची. सगळ्या झाल्या की मग उच्चार. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे, चिनी विद्यार्थ्यांना आकार आणि अर्थ आधीच माहीत असतात म्हणून ते पुढे पळतात, तर आपणही आधी तिथवर पोचू. मी दोनशेपानी वही आणली, रोज पहाटे पाचला उठून दहा कांजी, प्रत्येकीपुढे मराठी अर्थ आणि मराठी गोष्ट. माणूस झाडाला टेकला की विश्रांती. तीन झाडं म्हणजे जंगल. सूर्याशेजारी देऊळ म्हणजे वेळ, का तर देवळातल्या घंटेवरून वेळ कळते. किती आनंद व्हायचा! सहाशेच्या वर झाल्या होत्या, कुठलीही दाखवा, मी अर्थ सांगायचे, आणि घरातले सगळे कौतुक करायचे.

मग नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तोक्योला आलो, निशी-कासाईला, जिथे आपली भरपूर माणसं राहतात. आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की मला वाचता काहीच येत नाही. येत नाही म्हणजे, अर्थाचे तुकडे दिसायचे आणि शब्द दिसायचा नाही. एका फलकावर 'माणूस' आणि 'तोंड' शेजारी शेजारी होते. मी माणसाच्या तोंडाबद्दल विचार करत बसले. तो शब्द 'जिन्को' होता, म्हणजे लोकसंख्या. पोस्टात 'कापणे' आणि 'हात', म्हणजे 'कित्ते', म्हणजे पोस्टाचं तिकीट. हे शब्द मला ऐकून माहीत असते तर ती दोन चिन्हं बघून मी म्हणाले असते, अच्छा, हे असं लिहितात होय. माहीत नव्हते, म्हणून नुसता हात कापलेला दिसला.

आणि मग ते औषध. त्या हिवाळ्यात खोकला जाईना म्हणून डॉक्टरांनी पारंपरिक पद्धतीचं एक चूर्ण दिलं. पांढऱ्या कागदी पाकिटावर छापलेलं होतं, दोन चिन्हं, दोन्ही मला चांगली पाठ, 'खाणे' आणि 'मधे'. दुकानातल्या बाईंनी तोंडी सांगितलंही होतं, पण वेगात, आणि मी मान डोलावली कारण पाकिटावरचं मला वाचता येतंय ह्याचा अभिमान होता. तीन दिवस मी जेवता जेवता मधेच थांबून ते चूर्ण कोमट पाण्यातून घेत होते. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं तेव्हा कळलं, शब्द 'शोक्कान' आहे आणि त्याचा अर्थ दोन जेवणांच्या मधे, पोट रिकामं असताना, जेवणानंतर साधारण दोन तासांनी. जपानी माणसांचाही ह्यात गोंधळ होतो म्हणे. काही अपाय झाला नाही. पण मी तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होते आणि घरी येताना पूर्ण वाट माझे हात गार पडले होते, की उद्या बाळाच्या औषधावर असंच काही लिहिलेलं असेल आणि मी असंच सहज वाचून मोकळी होईन.

त्या रात्री वही बंद केली ती वर्षभर उघडली नाही. हे चूकच झालं, कारण वहीचा दोष नव्हता.

तेच बाळ आता पहिलीत आहे, इथल्याच सरकारी शाळेत. पहिलीला ८० कांजी असतात, दुसरीला १६०, सहावीपर्यंत एकूण १०२६. गेल्या महिन्यात एक दिवस ती जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून उजवं बोट हवेत धरून काहीतरी गिरवत होती, "इची, नी, सान, शी, गो," पाच रेघा. शाळेत सगळा वर्ग असा एकदम हवेत लिहितो. मग तिने वहीतल्या चौकोनात लिहिलं. चौकोनाला मधोमध ठिपक्यांची फुली असते, त्यामुळे कुठली रेघ कुठल्या पावात यायची ते दिसतं. एक छोटी तिरकी, तीन आडव्या, एक उभी, खालची आडवी सगळ्यात लांब. रेघ जिथे थांबवायची तिथे पेन्सिल दाबून थांबवायची, घसरू द्यायची नाही, तिच्या बाईंनी मागच्या पानावर एका घसरलेल्या रेघेला लाल पेन्सिलीने खूण केली होती. मी विचारलं, ही कुठली गं? तिने वहीतून मान वर न काढता सांगितलं, "सेन्सेई नो सेई."

म्हणजे 'सेन्सेई'चा सेई. मी तिथेच बसले. कारण माझ्या वहीत ह्या कांजीपुढे लिहिलेलं होतं 'जीवन', आणि खाली नंतर कधीतरी जोडलेली उच्चारांची रांग, सेई, शो, इकिरु, उमारेरु, हाएरु, नामा, पाठ करून करून मी थकले होते. आणि ह्या पोरीला 'सेन्सेई' म्हणजे बाई माहीत होती, 'गाकुसेई' म्हणजे विद्यार्थी माहीत होता, वाढदिवसाचा 'तान्जोबी' तर तिचा लाडका शब्द, 'नामा' म्हणजे कच्चं हे माझ्याबरोबर बाजारात फिरून माहीत होतं. शब्द तिच्याकडे सगळे होते, आता त्यांना कपडे मिळत होते. आणि मलाही त्या दिवशी कळलं की सेन्सेई म्हणजे 'आधी जन्मलेला'. हा शब्द पुण्यात पहिल्या दिवसापासून बाईंना हाक मारताना मी वापरत होते! ओळखीचा शब्द कांजीत बघितला की असा उघडतो. अनोळखी शब्दाची कांजी म्हणजे कुलूप बघून किल्लीचा अंदाज करणं.

म्हणून ते "जपानी मुलांसारखं शिका, ती पण आधी कांजीच घोकतात" जे क्लासमधे सांगतात ना, ते मला पटत नाही. मुलं वेगळी कांजी घोकत नसतात. पाच-सहा वर्षं कानांनी भरलेली भाषा घेऊन ती शाळेत येतात, आपण रिकाम्या हाताने त्याच बाकावर बसतो आणि तीच वही गिरवतो.

आणि मोठी माणसंही तेच करतात. फोनवर कुणाला नाव लिहून घ्यायचं असेल तर इथे विचारतात, कुठली कांजी? पलीकडून उत्तर येतं, "तोक्यो नो तो," तोक्योचा तो. कुणी रेघा सांगत नाही, कुणी उच्चारांची यादी वाचत नाही. अक्षराची ओळख शब्दाच्या घरातून दिली जाते. हे ऐकलं की मला आमच्या बालवाडीतला तक्ता आठवतो, क कमळाचा, ग गणपतीचा. आणि ण बाणाचा. 'ण'ने शब्द सुरू होत नाही, म्हणून त्याला बाणाच्या पोटातून काढून दाखवलं. तोच 'चा', तोच 'नो'.

आता दुसरी बाजू, कारण भाचीला अर्धं उत्तर द्यायचं नाहीये.

नुसत्या शब्दांवरही भागत नाही. लेक झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली ती नुसत्या शब्दांनी, फोनवर अंकी नावाच्या ॲपची कार्डं, रोज पंधरा नवे शब्द, कांजी जशी येईल तशी. दोन-तीनशे कांजींपर्यंत गाडी मस्त धावली आणि मग अडकली. कारण मी आकार बघतच नव्हते, शब्दाची एकूण छबी बघत होते, आणि सारखी दिसणारी चिन्हं आली की सगळं कालवलं जायचं. झाडाच्या खोडावर दोन आडव्या रेघा, वरची आखूड असेल तर ती 'मिराई'मधली 'मि', म्हणजे भविष्यकाळातली, आणि वरची लांब असेल तर ती 'शूमात्सु'मधली 'मात्सु', शनिवार-रविवारची. नुसत्या शब्दांच्या नादात हा फरक मला कित्येक महिने दिसलाच नव्हता. 'मात्सु' म्हणजे वाट बघणे आणि 'मोत्सु' म्हणजे हातात धरणे, दोन्हीत उजवीकडे तेच देऊळ, डावीकडचा तुकडा फक्त वेगळा. मी एकाच्या जागी दुसरा वाचायचे आणि अख्खं वाक्य उलटंपालटं व्हायचं.

त्या देवळावर जरा थांबते, कारण मला ह्या सगळ्या अभ्यासात सगळ्यात मोठा आनंद तिथे मिळाला. देऊळ ह्या चिन्हाचा चिनी उच्चार 'जी'. सूर्याशेजारी देऊळ, म्हणजे वेळ, उच्चार 'जी'. हाताशेजारी देऊळ, धरणे, उच्चार 'जी'. माणसाशेजारी देऊळ, म्हणजे सामुराई, त्याचाही 'जी'. बोलण्याच्या चिन्हाशेजारी देऊळ म्हणजे कविता, तिथे थोडं बदलून 'शी'. म्हणजे देऊळ तिथे घंटेसाठी नव्हतंच, आवाज सांगायला उभं होतं! बहुतेक कांजी अशाच घडल्यात, एक तुकडा विषय सांगतो, दुसरा आवाज सुचवतो. पुण्यात पहाटे पाचला मी जी गोष्ट रचली ती गोड होती, पण त्या गोष्टीच्या गोंगाटात देवळाचा खरा आवाज मला ऐकूच आला नाही. नेम चुकतोही, वाट बघण्यातलं देऊळ 'ताई' म्हणतं. पण निळ्या-हिरव्या रंगाच्या 'सेई' ह्या चिन्हाचं घराणं बघा, पाण्याशेजारी आलं की स्वच्छ, सूर्याशेजारी आलं की निरभ्र आकाश, शांत ह्या शब्दातही तेच, आणि सगळीकडे 'सेई'. असं एक घराणं सापडलं की पाच-सहा कांजी एकदम नात्यागोत्यात बसतात. पण त्यासाठी त्यातले तीन-चार शब्द आधी ओळखीचे हवेत, नाहीतर घराणं दिसतच नाही, नुसती गर्दी दिसते.

तर मावशीचं उत्तर असं आहे, बाळा. कांजी शब्दातूनच उचल. नवा शब्द आधी कानाने, एक-दोन वेळा तोंडाने, मग त्याची कांजी. एका कांजीचे सगळे उच्चार एकदम अजिबात पाठ करू नको, आज जो शब्द हातात आहे त्यातला उच्चार घे, दुसरा उच्चार दुसऱ्या शब्दाबरोबर आपोआप येईल. पण अक्षराचे तुकडे मात्र वेगळे शीक, पाणी, हात, माणूस, झाड, बोलणे, गवत असे पन्नास-साठ नेहमीचे तुकडे, ते महिन्याभराचं काम आहे आणि पुढे कायम उपयोगी पडतं. आणि हाताने लिही. मला माहितीये परीक्षेत लिहायचं काही नसतं, सगळे पर्यायच असतात, आणि २०१० नंतर तर कांजीची अधिकृत यादीही ते देत नाहीत, क्लासमधे ज्या याद्या फिरतात त्या अंदाजाच्या आहेत. तरी लिही. सगळ्या नको, ज्या दोन एकमेकींसारख्या दिसून फसवतात तेवढ्याच, शेजारी शेजारी, पाच-पाच वेळा. डोळा सरकून जातो, हात सरकू देत नाही. आणि ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी वही बंद कर पण जपानी ऐकणं बंद करू नको, मी त्या वर्षभरात तेही बंद केलं होतं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हे लिहिताना मधेच उठले कारण रविवारी सकाळी माझा स्वतःचा क्लास असतो, विद्यार्थी एकच. लेकीला मराठी बोलता छान येतं, वाचायला मी शिकवते आहे, पुण्याहून आजीने पाठवलेला तोच तक्ता भिंतीवर लावलाय. आज ण होता. मी उत्साहाने म्हणाले, हा बघ, ण बाणाचा. ती तक्त्यातल्या चित्राकडे बघत राहिली. मग विचारलं, "आई, बाण म्हणजे काय?"

खरंच, आमच्या घरात बाण हा शब्द कधी आलाच नव्हता. मी गोष्टीत जाऊन बाण समजावायला निघाले होते, धनुष्य, राम, सगळं, आणि मधेच थांबले. तिच्यासमोर पेला होता. म्हणलं, हे काय आहे? पाणी. परत म्हण. पा-णी. कुठे आला?

तिने दोन्ही हातांनी पेला धरून तो शब्द पुन्हा हळूहळू म्हणला, जीभ कुठे लागते ते बघत, आणि मग तक्त्यावर बाणाच्या चित्राखाली पेन्सिलीने एक छोटा पेला काढला. सध्या आमच्या भिंतीवर ण पाण्याचा आहे.